जी रं जी, जी गं जी

माझ्या कराडच्या दुकानावर पाटी आहे, ‘जुन्या टेप साफ करून मिळतील’. ही पाटी वाचून एकदा एक टेलर आला होता. त्याच्या मापाच्या टेपवरचे आकडे पुसट झाले होते. दुसऱ्या एका गृहस्थांनी अख्खा टेपरेकॉर्डर आणून टेबलावर ठेवला आणि ‘नुसत्या फडक्यानं पुसा, पाणी लावू नका’ अशी सूचना दिली. पाटी बदला असं बायको म्हणते. मी बदलत नाही, अशी माणसं आली की दिवस बरा जातो.

घरचा ऊस आष्ट्याकडं, तो थोरला भाऊ बघतो. पाहुण्यांना ओळख करून देताना आई म्हणायची, ‘थोरला ऊस बघतो, धाकटा आवाज बघतो.’ आवाज कसा बघतात हे तिला कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. आता मात्र मी खरोखर आवाज बघतो. जुनी कॅसेट संगणकात उतरवली की पडद्यावर तिचं चित्र उमटतं. डफाची थाप उभ्या रेघेत, तुणतुण्याची तार आडव्या रेघेत, आणि माणसाचा गळा म्हणजे सगळी वळणं. पूर्वी आमच्या धंद्यात जे एकदा एकत्र टेपवर गेलं ते कायमचं एकत्र. शिजलेल्या खिचडीतून डाळ परत वेगळी काढायला जावं, तसा तो प्रकार होता. आता निघते! नवे प्रोग्रॅम गळा एकीकडं, वाद्यं एकीकडं, खरखर तिसरीकडं काढून ठेवतात. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी धावत जाऊन खालच्या मोटर रिवायंडिंगवाल्याला ओढून आणलं. त्याच्या हातोड्यापायी आमची इतकी वर्षं भांडणं. त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘म्हंजे माझा हातोडा बी काढता येतो?’ मी म्हटलं, येतो. ‘मग आता भांडायचं कशावरनं?’ असं म्हणून तो नाराज होऊन खाली गेला.

पण काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे यंत्राला कळत नाही. मलाही दरवेळी कळतं असं नाही. आमच्या भागातले पुष्कळ लोक फौजेत. फोन नव्हते तेव्हा घरचे कॅसेटवर बोलून ती कॅसेट जवानाला पाठवायचे. एक निवृत्त सुभेदार त्यांच्या आईची अशी कॅसेट घेऊन आले. आई बोलतेय आणि मागं एक शेळी सारखी ओरडतेय. मी मोठ्या हौसेनं शेळी मुळासकट काढली. सुभेदारांनी साफ झालेली आई ऐकली आणि खवळले. ‘आमची शेळी कुठाय? आई तिच्यासंगट बोलतीय, माझ्यासंगट न्हाई!’ परत ऐकलं. खरंच, निम्मी वाक्यं शेळीला होती. शेळी परत घालून दिली तेव्हा ते गेले.

हे सगळं सांगायचं कारण केरबाबापू.

बापू म्हणजे भेदिक गाणारे शाहीर. भेदिक म्हणजे सवालजवाबाचं गाणं. त्यात दोन पक्ष असतात. कलगीवाले शक्तीला, म्हणजे आईला मोठी मानणार, तुरेवाले शिवाला. एका बाजूनं गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं त्याच चालीत, उभ्या उभ्या जवाब द्यायचा. जवाब सुचला नाही तर डफ खाली ठेवायचा. मागचे साथीदार प्रत्येक कडव्यानंतर सूर धरून ठेवतात, त्याला झील म्हणतात. ‘जी जी रं जी’ हे महाराष्ट्रात कोणालाही समजावून सांगायला नको.

बापू तुऱ्याचे. त्यांच्या समोर कायम कलगीचे आबाजी शाहीर. त्या दोघांची एका जत्रेतली कॅसेट आमच्याकडं एवढी खपली की रसवंतीगृहापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळीकडं वाजायची. मला ती तोंडपाठ आहे. शेवटी आबाजी सवाल टाकतात:

*डफ नव्हता, तार नव्हती, वाट नव्हती वाऱ्याला,*
*पैला सूर रं कुनी काढला, कुनी ऐकला, सांग मला!*

मग लोकांचा हलकल्लोळ, शिट्ट्या, आणि खट्. कॅसेट संपली. जवाब नाही. साऱ्या मुलखानं त्याचा एकच अर्थ काढला की बापूला डफ खाली ठेवावा लागला. बाजारात बापू दिसले की कोणीतरी हमखास विचारायचा, ‘काय बापू, घावला का जवाब?’

गेल्या वर्षी एका सकाळी बापू आणि त्यांच्या मंडळी हौसाकाकू जिना चढून दुकानात आले. बापूंच्या घशाचं ऑपरेशन झालेलं, आवाज पार गेलेला. ते नुसते ओठ हलवायचे आणि काकू ते वाचून आम्हाला सांगायच्या. त्यात स्वतःच्या पदरचंही घालायच्या. जास्त घातलं की बापू त्यांच्या दंडावर टिचकी मारायचे.

‘मास्तर,’ काकू म्हणाल्या, ‘ह्यांचा जवाब टेपात बशिवता येतो का?’

‘पण जवाब दिला होता का?’ माझ्या तोंडातून गेलंच.

बापूंचे ओठ भराभर हलले. काकू म्हणाल्या, ‘हे म्हनत्यात, दिला हुता. सवाल संपायला आन् लाइट जायला एकच गाठ पडली. अंधारात, बिनमाइकचा दिला. म्होरच्या चार मानसांनी ऐकला, ती चार मानसं बी आता न्हाईत. आन् मी म्हनते, ह्या बाबाला तवाच गावभर वरडून सांगायला काय धाड भरली हुती?’ टिचकी.

मग खरं दुखणं बाहेर आलं. त्यांच्या गावच्या जत्रेत दरवर्षी कर्ण्यावर हीच कॅसेट लागते. गावाला वाटतं, आपल्या शाहिराचा मान आहे. कॅसेट सवालावर संपते आणि पोरं हुर्यो करतात. त्या दिवशी बापू सकाळचीच एसटी धरून बहिणीच्या गावाला जातात. स्वतःच्या गावची जत्रा त्यांनी कित्येक वर्षं बघितलेली नाही.

‘हे म्हनत्यात, औंदा जत्रंला गावात ऱ्हायाचं हाय,’ काकू म्हणाल्या. या वेळी त्यांनी पदरचं काहीच घातलं नाही.

मी ताबडतोब होय म्हणून बसलो. माझा स्वभावच असा. काम जितकं अशक्य तितका मी लवकर होय म्हणतो, मग बायको डोक्याला हात लावते.

बाजारातल्या कॅसेटवरून काही साधणार नव्हतं. मूळ टेप हवी होती. चौकशीत कळलं की त्या रात्री रेकॉर्ड करणाऱ्या कॅसेटवाल्यानं ती आबाजींना मानाची म्हणून दिली होती. आबाजी वारले, टेप त्यांच्या लेकीकडं, सुशीलाताईंकडं, लोणंदला. गेलो. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आमचे आबा मेल्यावर त्यास्नी हरवाया निघाला व्हय तुमी?’ आणि चहाचा कप माझ्या हातातून उचलून आत गेल्या. अर्धा होता.

मी मनातून ते काम सोडून दिलं. आठवडाभरानं बाई स्वतः दुकानात हजर. डब्यात फडक्यात गुंडाळलेली टेप.

‘मला झोप येईना,’ त्या म्हणाल्या. ‘आबा घरात कैकदा म्हनायचे, बापूनं असला जवाब दिला की माझं रगात थंड झालं. घरात म्हनायचे. बाजारात कधी बोलले न्हाईत. त्या कॅसेटवर त्यांचं नाव झालं, सुपाऱ्या आल्या, आमची लग्नं झाली. मी इचारलं तर म्हनायचे, टेपमदी न्हाई म्हंजे झालंच न्हाई. आता तुमी बघा, हाय का न्हाई.’

टेप लावली. सवाल, हलकल्लोळ, आणि जिथं बाजारातली कॅसेट संपते तिथं ही संपली नाही! पुढं काहीतरी होतं. चिमण्या चिवचिवाव्यात तसं, आधी सावकाश, मग फार बारीक, फार जलद, आणि शेवटी नुसती शीळ. सुशीलाताईंचा चेहरा पडला. मी मात्र खुर्चीवर उड्या मारायचा बाकी राहिलो होतो.

वाचकहो, हे समजून घ्या. लाइट गेली, पण रेकॉर्डर सेलवर, स्वतःच्या बारक्या माइकवर चालू राहिला. सेल उतरत आले, तशी मोटर मंदावली. मंद फिरणाऱ्या टेपवर भरलेला आवाज आपण नेहमीच्या वेगानं वाजवला की तो पळतो आणि बारीक होतो. कॅसेटवाल्याला तो कचरा वाटला, त्यानं बाजारातल्या कॅसेटमधून तो गाळला. पण कचरा म्हणजे कोंबून भरलेलं गाणंच! ते परत ताणून सरळ करायचं, एवढंच काम. अडचण अशी की मोटर एकसारखी मंदावत नाही, कधी जास्त कधी कमी. मग किती ताणायचं, हे ठरवणार कोण?

तुणतुणं. तुणतुण्याला तार एक, सूर एक. गाणारा वरखाली जाईल, तुणतुणं हलणार नाही. मी पडद्यावर त्याची रेघ शोधली. आडवी असायला हवी होती, ती घाटाच्या रस्त्यासारखी वर चढत गेली होती. ती रेघ मी तसूतसूनं खाली ओढून आडवी करत गेलो. तार सरळ झाली तसा तिच्याबरोबरचा गळाही सरळ होत गेला. आणि एका दुपारी, खाली हातोडा ठणठणत असताना, माझ्या हेडफोनमध्ये केरबाबापू तरुण आवाजात गायला लागले:

*नऊ म्हैन्यांच्या अंधारामंदी, दार नव्हतं कोठडीला,*
*आईच्या काळजाचा ठोका, त्योच सूर रं पैला!*

मी ओरडलो. खालचा हातोडा थांबला. रिवायंडिंगवाला वर धावत आला, त्याला वाटलं मला शॉक बसला.

पुढं झील होती आणि तिथं सेल मेले. म्हणजे सूर कोणी काढला, एवढा अर्धा जवाब मिळाला. कोणी ऐकला, हा अर्धा गेला तो गेलाच. पण जेवढं होतं तेवढं मी चकचकीत करायला घेतलं. शेवटच्या झिलेत एक आवाज घाणेरडा वाटत होता, ‘जी रं जी’च्या जागी काहीतरी ‘जी गं जी’ असं. मला वाटलं, मरत्या मोटरचा दोष. मी ती झील उडवली आणि कॅसेटच्या सुरुवातीची एक स्वच्छ ‘जी रं जी’ आणून तिथं बेमालूम चिकटवली.

सुशीलाताईंना बोलावलं. आधी माझा पराक्रम ऐकवला. मग, किती घाणीतून हे काढलं ते कळावं म्हणून, फुशारकीनं मूळचंही ऐकवलं. त्या एकदम उठून उभ्या राहिल्या.

‘परत लावा.’

लावलं.

‘हे आबा हायत! आबांच्या फडात “रं” कोन म्हनत नव्हतं. कलगी म्हंजे आई, आईला “रं” कसं म्हनायचं? आमच्यात “जी गं जी”. हे आमचे आबा बापूंची झील धरत्यात, मास्तर! तुमी कापलं व्हय त्यास्नी?’

मी दोन्ही कान धरले. समोरच्या शाहिराची झील धरणं म्हणजे काय, हे भेदिकात पोरासोरांना माहीत असतं. तुझा जवाब मला मान्य, अशी ती जाहीर पावती. अंधारात, लोकांच्या गोंगाटात, आबाजींनी ती दिली होती, आणि मी ती मोटरचा दोष समजून केराच्या टोपलीत टाकली होती. सुदैवानं संगणकाची टोपली रोजच्या रोज कोणी रिकामी करत नाही.

दुसऱ्या दिवशी बापू आणि काकू आले. सुशीलाताई होत्याच. मी काही न सांगता टेप लावली. स्वतःचा आवाज ऐकून बापूंनी डोळे मिटले. मग झील आली, ‘जी गं जी’, आणि डोळे उघडले. त्यांनी हातानं खूण केली, परत. मी परत लावलं. परत. परत. बापूंना हे माहीतच नव्हतं. अंधारात आपल्याच माणसांनी झील धरली असं ते आजवर समजत होते.

‘काय म्हणतात बापू?’ मी काकूंना विचारलं.

काकूंनी बापूंचे ओठ निरखले. ‘काय म्हनंनात,’ त्या म्हणाल्या.

उरला अर्धा जवाब बापूंना पाठ होता. ते ओठ हलवत गेले, काकू बोलत गेल्या:

*डोळं मिटूनी, मूठ वळूनी, गर्भानं त्यो ऐकला,*
*तुझीच माय ही, तुझीच शक्ती, तुरा वाकला कलगीला!*

मी टाळी वाजवली. काय हुशार माणूस! तुऱ्याच्या शाहिरानं जवाबात कलगीची आईच पुढं केली. आता आबाजी तो नाकारणार कसा? नाकारला तर आपलीच देवी नाकारली. हरवलं, आणि हरवता हरवता समोरच्याच्या दैवताच्या पाया पडून घेतलं. सुशीलाताई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला. ‘आबांचं रगात थंड झालं, त्ये उगंच न्हाई,’ म्हणाल्या.

आता ह्या दोन ओळी बापूंच्या गळ्यातून काढायच्या होत्या आणि बापूंना गळा नव्हता. यासाठी नवी सोय आहे. यंत्राला एखाद्याचा भरपूर आवाज ऐकवायचा, मग दुसऱ्या कोणी गायलं की यंत्र ते पहिल्याच्या आवाजात करून देतं. बापूंची परवानगी शेजारी बसलेली होती. त्यांचा आवाज मी गोळा केला तो मुख्यतः साखर कारखान्याच्या निवडणुकीच्या प्रचारगीतांतून. एकाच निवडणुकीत बापूंनी दोन्ही पॅनेलची गाणी गायलेली निघाली. काकूंनी नवऱ्याकडं असं बघितलं की बापू खिडकीतून बाहेर बघायला लागले.

पण गाणार कोण? ती चाल, ती फिरत येणारं माणूस हवं. मी दोन-तीन नावं घेतली. बापूंनी मान हलवली आणि बोट केलं सुशीलाताईंकडं.

‘मी?’ त्या दचकल्या. ‘आबांना हरवनारा जवाब मी गाऊ?’

बापूंचे ओठ हलले. काकू म्हणाल्या, ‘हे म्हनत्यात, दुसऱ्या कुनाला ह्या चालीचं वळान हाय? आन् गर्भानं ऐकला, त्यो गर्भ म्हंजे तूच की गं!’ हे शेवटचं बापूंचं की काकूंचं, मला आजही माहीत नाही. टिचकी मात्र बसली नाही.

खालच्या हातोड्याला चहा पाजून गप्प केलं. सुशीलाताई माइकपुढं उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि गायल्या. काय गळा होता बाईंचा! आबाजी घरात नुसतं गुपित सांगून गेले नव्हते, गाणंही देऊन गेले होते. मी ते यंत्रातून काढलं. खोलीत केरबाबापूंचा तरणाबांड आवाज घुमला. बापूंनी स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला. काकू आधी हरखल्या, मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

‘गळा ह्यांचाच. पर हे ओळीच्या मदी असा दम घेत नव्हते. हे एका दमात म्हनायचे.’

बरोबर होतं. यंत्र आवाज बदलतं, श्वास गाणाऱ्याचाच राहतो. ‘दम आबांचा हाय,’ सुशीलाताई ओशाळून म्हणाल्या. ‘त्यांनीच शिकिवलं तसा. मी परत म्हनते, एका दमात.’

बापूंनी जोरानं हात हलवला. हसत होते, छाती हलत होती, आवाज नव्हता. काकूंनी ओठ वाचले. ‘हे म्हनत्यात, ऱ्हाऊ दे तसंच. आबाजीनं माज्या गळ्यात दम घ्यावा, ह्याच्यासारखी मजा न्हाई.’

एकच गोष्ट मी माझ्या हट्टानं केली. जोडलेल्या भागाआधी, हे काय आहे आणि कोणी गायलं, ते माझ्या आवाजात स्वच्छ सांगून टाकलं. जुनं आणि नवं यातली शिवण दिसली पाहिजे, असं मला वाटतं. आमच्या धंद्यातले सगळेच हे मानत नाहीत, त्यावरून भांडणंही झाली आहेत.

जत्रेच्या दिवशी बापू गावात होते. नवा फेटा, पुढच्या खुर्चीवर. मी कर्ण्याच्या तारा स्वतः तपासल्या. संध्याकाळी कॅसेट लागली. आबाजींचा सवाल संपला आणि सवयीप्रमाणं पोरांनी हुर्यो केली, म्हातारी माणसं उठून धोतर झटकायला लागली. मग काळोखातल्यासारखा, जरा खरखरीत, बापूंचा जवाब आला. उठलेली माणसं उठलेलीच राहिली. ‘जी गं जी’ आली तेव्हा मागं कोणीतरी म्हातारा ओरडला, ‘आरं, आबाजी झील धरतोय रं!’ आणि पुढचं कडवं निम्मं त्या गलक्यात गेलं. लोकांनी परत लावायला लावलं. परत लावलं.

मग सुशीलाताई उठल्या आणि त्यांनी माइक मागितला. तालीम केलेली नव्हती. ‘मी आबाजी शाहिरांची लेक. त्या रातच्याला आमचे आबा हरले हुते. त्यांनी ह्ये हितं येऊन सांगायचं ऱ्हाऊन गेलं, म्हनून मी सांगाय आली.’

बापू खुर्चीतून उठले, काकूंच्या खांद्याला धरून माइकपाशी आले. त्यांचे ओठ हलले. काकू बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘आवं, काय ह्ये?’ बापूंनी टिचकी मारली. काकूंनी पदर सावरला, सुशीलाताईंच्या हातातून माइक घेतला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाल्या:

‘हे म्हनत्यात, जवाब झाला. आता फुडचा सवाल टाक, पोरी!’

सुशीलाताईंनी डोळे पुसले, कोणाचा तरी डफ ओढून घेतला आणि पहिली थाप टाकली. आणि मी, लेको, माझा रेकॉर्डर पिशवीतून काढायला धावलो.